ज्या डागाला सामान सापडेना

या, जरा पुढे सरकून बसा. असं मागच्या भिंतीला टेकून बसू नका, ही गोष्ट मोठ्याने सांगण्याजोगी नाही. भीतीची गोष्ट आहे, आणि भीतीचा आवाज चढवला की ती खोटी वाटायला लागते. तेव्हा तुम्हीच जवळ या, म्हणजे सावकाश बोलता येईल. हिच्यात भूत नाही, चोर नाही, कुणाचा खून नाही. एक बाई आहे आणि तिच्या नडगीवर उमटलेला एक निळा डाग आहे, बस. देवाने आपल्याला कातडी दिली ती आतलं आत राहावं म्हणून. ते आतलं एक दिवस न विचारता दाराशी येऊन उभं राहिलं, तर माणसाच्या जिवाचं काय होतं, तेवढं ऐका.

ती सामान हलवणाऱ्या टोळीत काचेची बाई होती. घर बदलणाऱ्यांच्या दारात सकाळी ट्रक लागे, गडी कपाटं, पलंग, फ्रिज उचलत, आणि ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बशा, पेले, आरसे, दिव्यांच्या काचा कागदात गुंडाळत असे. बशी खोक्यात आडवी ठेवायची नाही, उभी ठेवायची. कपाच्या पोटात कागदाचा बोळा आधी, बाहेरची गुंडाळी नंतर. खोकं भरलं की कानाशी धरून हलकंच हलवायचं, आत काही बोललं तर पुन्हा उघडायचं. तिच्या हातून कधी काही फुटल्याचं टोळीतल्या कुणालाही आठवत नव्हतं. गडी तिला ताई म्हणत. संध्याकाळी शेवटची खेप उतरली की सगळे रिकाम्या ट्रकमध्ये सामानाला गुंडाळायच्या जाड चादरींवर बसत आणि त्यांचा खेळ सुरू होई. बाह्या वर, पँटी गुडघ्यापर्यंत वर, आणि एकेकाने आपल्या अंगावरच्या डागावर बोट ठेवून सामानाचं नाव घ्यायचं. “हा फ्रिज.” “हा पलंगाचा पाय, जिन्याच्या वळणावर.” “ही वरच्या मजल्यावरच्या म्हातारीची तिजोरी. आत काय भरलं होतं देव जाणे, बहुतेक म्हाताराच.” ज्याला आपल्या डागाचं सामान सांगता येणार नाही त्याचा डाग अनाथ ठरायचा, आणि त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. टोळीचा मुकादम या खेळातला न्यायाधीश. ट्रकच्या मागच्या फाळक्यात सापडून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं तेव्हापासून लोक त्याला साडेचार म्हणत, आणि तोही फोन उचलला की “साडेचार बोलतोय” असंच म्हणे. दाराच्या चौकटीतून जाईल का नाही अशी शंका यावी इतक्या धिप्पाड गड्याचं नाव त्यांनी बारक्या ठेवलं होतं. ती या खेळात नुसती हसायला असायची. काचेच्या बाईला कसला मुका मार लागणार?

त्या संध्याकाळी ती बुटाची नाडी बांधायला वाकली आणि बारक्या ओरडला, “अरे, ताईंचा डाग! ताई, नाव घ्या, नाव घ्या!” नडगीच्या मधोमध जांभळट निळा, कडेला हिरवटपणा चढू लागलेला, बशीएवढा. तिने तो तेव्हाच पाहिला. “टेबल,” ती म्हणाली. साडेचारने मान हलवली. “आज टेबल नव्हतं ताई. टेबल त्यांनी भावाला देऊन टाकलं, आपल्यासमोर भांडून दिलं.” “मग स्टूल असेल.” “स्टुलाने मारलं ताईंना!” बारक्याने कपाळावर हात मारून घेतला. “उद्या उशी मारेल, जपा हो!” सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिने तो डाग हाताने झाकला. कारण स्टूल तिला लागलं नव्हतं. काहीच लागलं नव्हतं. साडेचारने निकाल दिला, “स्टूल मान्य, पहिलाच गुन्हा आहे,” आणि आळ घेतला म्हणून चहा बारक्याच्या गळ्यात पडला. चहा पिताना तिचं सगळं लक्ष त्या पायाकडे होतं. पाय आपलाच, पण शेजारी कुणी परकं माणूस येऊन बसावं तसा.

घरी आल्यावर तिने मोरीचं दार लावून घेतलं आणि सगळं अंग पाहिलं. कमरेच्या खाली एक, जुना, पिवळा पडत आलेला. दंडाच्या मागे एक. पोटरीवर दोन लहान, पेनाची शाई सांडल्यासारखे. तिने प्रत्येकासाठी सामान शोधायला सुरुवात केली. कमरेचा गॅसच्या ओट्याचा असेल. दंडाचा म्हणजे बसच्या दांड्याचा, हो, परवा बसमध्ये गर्दी होती. पोटरीचे दोन खोक्यांचे असतील, खोकी काय कमी असतात? ती एकेक नाव ठेवत गेली आणि प्रत्येक नावानंतर तिला घटकाभर बरं वाटत गेलं, जसं मूल गर्दीत हरवलं आणि सापडलं की वाटतं. मग तिने डोळे मिटले आणि आयुष्यात कुणी केली नसेल अशी प्रार्थना केली. देवा, हा ओटा असू दे. देवा, हा बसचा दांडा असू दे. माणसं देवाकडे घर मागतात, लेकरू मागतात. ही मागत होती एक कोपरा, लाकडाचा, लोखंडाचा, कसाही, फक्त आपल्या अंगाला लागलेला. ज्याला सगळी दारं उघडी आहेत त्याच्या दारात ती उभी राहिली आणि एवढंच मागून परत आली, कारण त्यापुढचं मागायचं तर त्या दुखण्याचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते नाव तिच्या घरात कुणी कधी घेतलं नव्हतं.

तिची आई टपाल कचेरीत शिक्के मारायची. दिवसभर ठप्प, ठप्प, ठप्प. घरी आली तरी बोटं टेबलावर तशीच पडत. तेव्हा ही शाळकरी होती, आईच्या पायाशी बसून अभ्यास करायची, आणि एकदा आईच्या नडगीवरचं ते निळं बघून तिने त्यावर बोट दाबलं. शाळेत नकाशावर बोट ठेवून समुद्र दाखवतात तसं. “आई, दुखतं?” “नाही गं.” “मग काय झालं?” “आपटलं असेल कुठेतरी.” कुठेतरी. हा शब्द त्या घरात तेव्हापासून राहायला आला. मनगटाला पिशवीचा बंद गुंडाळायची तिथे निळं, कुठेतरी. मानेला माळेचा फासा टेकायचा तिथे निळं, कुठेतरी. दात घासताना आईच्या ब्रशला लागलेला गुलाबी फेस ती नळाखाली घाईघाईने धुवायची आणि मागे वळून मुलीकडे बघून हसायची, ते हसू आता इतक्या वर्षांनी मोरीच्या आरशात तिला स्वतःच्याच तोंडावर दिसलं आणि तिने पटकन आरशाकडे पाठ केली. मग पलंग आला, मग दवाखाना आला, दवाखान्याच्या बोळात मावशी आणि आत्या एकमेकींच्या कानाशी लागून म्हणाल्या, “रक्ताचं आहे,” आणि ही जवळ येताच गप्प झाल्या. पुढचा शब्द तिला कुणी सांगितला नाही. त्या वर्षीच्या नव्या पुस्तकांना कव्हरं घालायची राहिली होती. आई म्हणाली होती, रविवारी घालू. तो रविवार आला, पण आई नव्हती. म्हणून तिच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं की ज्या डागाला नाव असतं तो बरा होतो आणि ज्याला कुठेतरी म्हणावं लागतं तो माणूस घेऊन जातो. आणि आता दैवाने तिला नेमकी अशाच टोळीत आणून बसवलं होतं, जिथे रोज संध्याकाळी हाच हिशेब व्हायचा, हसत हसत.

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. शांत माणूस, भिंगावर एक कण राहिला तर पुन्हा पाण्याखाली धरणारा, पण बायकोला दोनदा प्रश्न विचारायचा संकोच करणारा. तिने त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं काय? पण त्याच सुमारास त्याने आपली उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपायला लागला. “आत उकडतं,” म्हणाला. आत उकडत नव्हतं. तिला वाटलं, याला कळलं. माणसाच्या नाकाला आजार कळतो म्हणतात, जनावरं तर कळपातून बाजूला करतात. सकाळी चहाचा कप देताना तो कप ओट्यावर ठेवायचा, हातात द्यायचा नाही. तिच्या जवळून जाताना अंग चोरायचा. एकदा तिचा पदर खुर्चीत अडकला तर सोडवायला पुढे झाला आणि हात अर्ध्यातच मागे घेतला, भाजल्यासारखा. तिने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. संसारात आपण एकमेकांसाठी करतो त्यातलं निम्मं हेच असतं, न बघितल्यासारखं करणं. पण आतून ती त्या मागे घेतलेल्या हातापाशी कितीतरी वेळ उभी होती. आईच्या शेवटच्या दिवसांत बाबाही असेच बोळाच्या टोकाला उभे राहायचे, टोपी हातात धरून, जणू त्यांना कुणी आत बोलावलंच नव्हतं.

आणि मग फळीवरचा प्रकार झाला. ट्रकला लावलेल्या उतरत्या फळीवरून ती पेल्यांचं खोकं घेऊन येत होती, पाय जरा सरकला, पडणार एवढंही नाही, नुसता तोल गेला, तोच साडेचारने बाजूने तिचा दंड धरला. “ताई, सांभाळून. पेले फुटले तर चालतील, तुम्ही नको.” धरला आणि सोडला, लहान मुलाला रस्त्याच्या कडेला घ्यावं तितकाच. ती हसून पुढे गेली, खोकं कानाशी धरून हलवलं, आत सगळं मुकं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत तिने ब्लाउज काढला आणि दंडाकडे पाहिलं, आणि तिचा हात नळावरच राहिला. आतल्या बाजूला एक अंगठा. बाहेरच्या बाजूला बोटं, एकाखाली एक, ओळीने, काळीनिळी, शिक्का मारावा तशी स्पष्ट. आणि मधलं बोट अर्धंच. पाणी बादलीतून वाहून जात होतं. या डागाला नाव होतं, जगातलं सगळ्यात पक्कं नाव होतं, आणि तोच डाग सगळ्यात भयंकर होता. ओटा कठीण असतो, दांडा कठीण असतो, त्यांचं आपण काही मनावर घेत नाही. पण माणसाने मायेने धरलं आणि त्याचं काळं पडलं? मग आत उरलंय काय? तिला वाटलं आपण आता त्या कागदातल्या पेल्यासारख्या झालो आहोत, बाहेरून गुंडाळी नीट, आणि आत मात्र बोळा घालायला कुणीतरी विसरलं आहे. तिने कपाटातून पूर्ण बाह्यांचा सदरा काढून घातला. त्या दिवसापासून कितीही घाम आला तरी तिने बाही दुमडली नाही.

पण काचेच्या बाईला हात वर करावाच लागतो. एका घरात वरच्या फळीवरचा दिवा काढताना तिची बाही कोपराच्या वर घसरली. खाली शिडी धरून साडेचार उभा होता. त्याने पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्याला बोटं दिसली. कुणाची ते दिसलं नाही. स्वतःचं बोट स्वतःला कोण ओळखतो? त्या संध्याकाळी खेळ झाला नाही. बारक्याने पँट वर केली तर साडेचार म्हणाला, “राहू दे रे आज.” पुढच्या दिवसांत तिच्यासाठी चहा आधी यायला लागला, जड खोकी तिच्या हातात जाईनाशी झाली, बारक्या तर मोठ्याने शिंकायलाही बाहेर जाऊ लागला. एकदा साडेचार जवळ येऊन, दुसरीकडे बघत म्हणाला, “ताई, घरी सगळं बरं आहे ना?” “हो,” ती म्हणाली. पण म्हणायच्या आधी ती थांबली. किती थांबली? एक श्वास असेल. त्या श्वासात तिला सगळं दिसलं, हा काय समजला आहे, कुणाबद्दल समजला आहे, आणि ते किती खोटं आहे. आणि तरीही त्या खोट्यात तिला गारव्यासारखं काहीतरी लागलं. कारण मार खाल्लेली बाई जगते. रडते, भांडते, माहेरी जाते, परत येते, म्हातारी होते. त्या गोष्टीत बाई मरत नाही. दुसऱ्या गोष्टीत मरते, ती तिने पाहिली होती. तिने तो एक श्वास तसाच राहू दिला, आणि साडेचारने तो उत्तर म्हणून घेतला.

दुपारची वेळ होती. टोळी गोदामात खोकी लावत होती. ती चष्मा घरी विसरली होती, आणि नवरा जेवणाच्या सुट्टीत तो घेऊन आला. मऊ कापडात गुंडाळलेला चष्मा हातात धरून तो गोदामाच्या दारात उभा राहिला, आणि साडेचारने हातातली दोरी खाली टाकली.

“या भाऊजी, या. तुमचीच वाट बघत होतो.”

“माझी?” नवरा म्हणाला. “चष्मा द्यायला आलो होतो हिचा.”

“चष्मा द्या. आणखी काय काय देता बायकोला, तेही बघितलं आम्ही.”

“दादा, नको,” ती म्हणाली. पण आवाज खोक्यांमध्येच कुठेतरी राहिला.

साडेचारने नवऱ्याची कॉलर धरली नाही. त्याने आपले दोन्ही हात मागे बांधले, जणू त्यांचा त्यालाच भरवसा नव्हता. “मी अडाणी माणूस आहे भाऊजी. दिवसभर ओझं उचलतो. पण बाईमाणसावर हात? बारक्या, तू कधी उचललास?” बारक्या, ज्याच्या हातात तेव्हा अख्खं कपाट होतं, म्हणाला, “माझ्यावर उचलते बायको,” आणि कुणीच हसलं नाही.

ती नवऱ्याकडे बघत होती. आता तो म्हणेल, काय बोलताय? आता तो चिडेल. चिडला की बरं होईल, कुणीतरी काहीतरी ओरडेल आणि हे सगळं फुटून मोकळं होईल. पण त्याचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला आणि त्याने चष्म्याचं कापड मुठीत आवळलं. “हो,” तो म्हणाला. “मीच करत असेन.”

बारक्याचं कपाट हातातच राहिलं.

“मला आठवत नाही,” तो साडेचारला नाही, खाली फरशीला सांगत होता. “मी झोपेत हातपाय झाडतो, लहानपणापासून. आई म्हणायची, याच्या शेजारी झोपू नका. हिच्या अंगावर ते बघितलं मी, मोरीचं दार उघडं राहिलं होतं. तेव्हापासून बाहेर झोपतोय. तरी नवे दिसतात. मग मी झोपेत उठून आत जात असेन. दुसरं कोण आहे घरात? मी मधल्या दाराला माझ्या बाजूने खुर्ची लावायला लागलो, सकाळी खुर्ची तशीच असते, तरी... तुम्ही म्हणता ते खरं आहे. काय करायचं ते करा.”

बाबांनो, त्या क्षणी तिच्या मनात काय झालं ते सांगायला शब्द तोकडे पडतात. सोफा, ओट्यावर ठेवलेला कप, अर्ध्यातून मागे घेतलेला हात, सगळं एका बाजूने दिसत होतं ते दुसऱ्या बाजूने दिसलं. हा माणूस तिच्यापासून नव्हे, स्वतःपासून तिला वाचवत होता. खुर्ची लावून. आणि तिने, एका श्वासाच्या आडोशाला उभं राहून, त्याला चोर ठरू दिलं होतं. तिला पळून जावंसं वाटलं. खोक्यात जाऊन बसावं, वरून कागद टाकावा, कुणीतरी पट्टी चिकटवावी. एक शब्द बोलला की हा सुटतो. पण तोच शब्द बोलला की ती अडकते, कायमची, आईच्या पलंगावर, त्या बोळात. एवढंच अंतर होतं, जिभेपासून ओठापर्यंत. ते चालून जायला तिला सगळं बालपण परत चालावं लागलं.

तिने बाही वर केली.

“दादा, ही बोटं यांची नाहीत. तुमची आहेत.”

साडेचारला आधी कळलंच नाही. ती त्याच्यासमोर दंड धरून उभी राहिली. “फळीवर मला धरलं होतंत. आठवा. हात लावून बघा.”

तो हात लावेना. तिनेच त्याचा मागे बांधलेला उजवा हात सोडवून पुढे आणला. अंगठा अंगठ्याच्या जागी, बोटं बोटांच्या जागी; पिवळटलेल्या डागातलं अर्धं बोट त्याच्या अर्ध्या बोटाखाली नाहीसं झालं. त्याने हात झटकन काढून घेतला आणि त्याच्याकडे असा बघत राहिला की जणू बोट दुसऱ्यांदा तुटलं.

“मी... ताई, मी एवढंच धरलं होतं हो. एवढंच.”

“म्हणूनच दादा,” ती म्हणाली. “एवढ्यानेच झालं, म्हणूनच.” मग ती नवऱ्याकडे वळली, कारण हे त्याला सांगायचं होतं. “कुणी मारत नाही मला. माझ्या आईला असंच होतं. रक्ताचं होतं. ती त्यातच गेली. मला वाटतं मलाही तेच आहे.”

बोलली. छप्पर कोसळलं नाही. बारक्याने कपाट मात्र खाली ठेवलं, अगदी हळू, त्यात काच असल्यासारखं.

डॉक्टरीण बाई वयाने हिच्याएवढीच होती आणि प्रश्न विचारताना लिहीत नव्हती, तोंडाकडे बघत होती. हिरड्यांतून रक्त येतं? नाक फुटतं? पाळी जास्त जाते? ताप? घाम? वजन उतरलं? दारू? यकृताचा काही त्रास? कसली औषधं, गोळ्या, ताकदीच्या पुड्या, कुणी सांगितलेले काढे? गोळ्या म्हटल्यावर नवरा खुर्चीत पुढे सरकला. ट्रकच्या कप्प्यात एक डबा असतो, त्याने सांगितलं, अंगदुखीच्या गोळ्यांचा, ही पण घेते, सगळेच घेतात. “घेते ना गं? रोज घेते.” त्याच्या आवाजात अशी आशा होती की तिला त्याच्याकडे बघवेना. “त्यानेही डाग पडतात,” बाई म्हणाल्या, “त्या गोळ्यांनी रक्त लवकर गोठत नाही. आजपासून बंद.” आणि तिच्या छातीत काहीतरी उडालं, पाखरासारखं. गोळ्या! फक्त गोळ्या! मग बाईंनी तिचा पाय उजेडात घेतला. घोट्याच्या वर, निळ्याच्या आजूबाजूला, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, पुष्कळ, तिने पाहिलेच नव्हते. बाईंनी त्यावर बोट दाबलं, सोडलं. ठिपके गेले नाहीत. बाईंचा चेहरा बदलला नाही, पण त्या बोलायच्या थांबल्या, आणि ते पाखरू बसलं.

रक्त दिलं, रक्ताचा निकाल आला. रक्त थोपवणाऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. बाकीच्याही जितक्या हव्यात तितक्या नव्हत्या. “कारणं खूप असतात,” बाई सावकाश म्हणाल्या. “कधी गोळ्या. कधी एखाद्या जीवनसत्त्वाची उणीव. कधी एखादा साधा ताप येऊन जातो आणि मागे हे ठेवून जातो. कधी अंगात राखण करायला ठेवलेल्या पेशीच चुकून आपल्या माणसांवर हात उचलतात. त्यावर औषध आहे, चांगलं औषध आहे. आणि कधी...”

“आईसारखं,” ती म्हणाली.

“हो. तेही असू शकतं. पण तुमच्या आईच्या वेळचं औषध आणि आत्ताचं औषध यांत फार फरक आहे, हे लक्षात ठेवा. हाडाच्या आतली मज्जा बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही.”

ती घरी आली तेव्हा भीती तिच्याबरोबर आली होती, पण आता ती चोरासारखी पावलं न वाजवता आली नव्हती. पुढच्या दाराने, नाव सांगून आली होती. नवऱ्याने उशी आत आणली. त्याला तिच्याजवळ बसायचं होतं आणि बसता येत नव्हतं. पलंगाच्या कडेला तो असा टेकला की सतरंजीलाही त्रास होऊ नये.

मज्जा काढायच्या दिवशी तिला कुशीवर झोपवलं होतं, भिंतीकडे तोंड करून. खोली स्वच्छ होती, भिंत फिकट हिरवी, आणि कुठेतरी एक भांडं ट्रेवर ठेवल्याचा आवाज आला. काच नव्हती, स्टीलचं होतं. कानाने आपोआप ओळखलं. परिचारिका म्हणाली, “थोडं दुखेल, पण हलू नका हं,” आणि नवऱ्याला तिच्या तोंडासमोर स्टूल दिलं. तो बसला. तिचा हात चादरीच्या बाहेर होता. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. भिंगं घासून घासून बोटं गुळगुळीत झाली होती. शेवटी त्याने तिचं एक बोट, नुसतं करंगळीचं टोक, दोन बोटांत धरलं, ओल्या भिंगाला धरावं तसं.

पाठीमागे कुणीतरी थंड कापसाने जागा पुसली. भिंतीवरचा हिरवा रंग जवळ येऊ लागला. तिला वाटलं, आता ओरडणार आपण, अजून सुई लागली नाही तरी ओरडणार. आईला कुणी धरलं होतं का अशा वेळी? कुणाला धीर झाला होता का?

“घट्ट धर,” ती म्हणाली.

“डाग पडेल गं.”

“पडू दे. घट्ट धर.”

त्याने धरला. आधी भीत, मग सगळ्या हाताने, दोन्ही हातांनी, आपलं कपाळ त्यावर टेकवून. आणि तिने डोळे मिटले.

इथे थांबायला हवं, कारण पुढचं अजून कुणालाच ठाऊक नाही. तपासणीचा कागद यायचा आहे, त्यावर काय असेल ते फक्त एकालाच माहीत, आणि तो आधी सांगत नाही. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आज घरी जाल, डोळे मिटून आपल्या माणसांसाठी चार शब्द बोलाल, तेव्हा त्यांच्यात एक जागा त्या बाईलाही द्या. कुशीवर झोपली आहे, भिंतीकडे तोंड आहे. तिची आठवण असू द्या.